गुडघ्याखालची उशी काढा

आण्णांचा डावा पाय कापायचा ठरला, तेव्हा आमच्या मंगळवार पेठेतल्या निम्म्या घरांनी एकेक वैद्य सुचवला. सगळ्यांचं म्हणणं एकच, "अंगठा काळा पडलाय नव्हं, मग अंगठाच काढा की. पाय कशाला?"

मलाही तेच वाटत होतं. सर्जननी समजावलं की कापलेली जागा भरायला तिथं रक्त पोचावं लागतं. साखरेनं पायाच्या रक्तवाहिन्या चोंदल्या होत्या. नुसता अंगठा काढला असता तर ती जखम चिघळली असती आणि पुन्हा वर कापावं लागलं असतं. गुडघ्यापर्यंत मात्र रक्त चांगलं होतं, त्यामुळे गुडघा वाचणार होता. आणि गुडघा आपला असला की कृत्रिम पायानं चालायला ताकद बरीच कमी लागते.

ऑपरेशनमध्ये नडगीचं हाड कापून त्याची पुढची धार घासून गोल करतात. नडगीवर नुसती कातडी असते, म्हणून मागची पोटरी लांब ठेवून ती पुढं वळवतात आणि हाडावर तिची गादी करतात. टाके त्यामुळे पुढच्या बाजूला येतात.

खरी लढाई घरी आल्यावर. पाय दुखतोय म्हणून आत्यानं मायेनं गुडघ्याखाली उशी सरकवली. फिजिओथेरपीच्या ताईंनी आल्या आल्या ती ओढून काढली. गुडघा वाकलेल्या स्थितीत राहिला की मागचे स्नायू आखडतात, मग तो सरळ होत नाही आणि कृत्रिम पाय बसवणं अवघड होऊन बसतं. उशी गेली, वर रोज थोडा वेळ पालथं झोपायची सक्ती आली. आण्णा पालथे पडून भिंतीकडं तोंड करून शिव्या द्यायचे. पण गुडघा राहिला सरळ.

स्टंपला, म्हणजे पायाच्या उरलेल्या टोकाला, क्रेप बँडेज बांधायचं ते आठाच्या आकड्यासारखं, तिरपं. टोकाला घट्ट, वर येईल तसं सैल. उलटं झालं तर टोकाला सूज साठून फुगतं आणि सॉकेटमध्ये, म्हणजे कृत्रिम पायाच्या खोबणीत, जात नाही. हे मी शिकले. माझा भाऊ अजून बांधतो ते फेट्यासारखंच.

आणि रात्री हाक यायची, "तळपाय दुखालाय गं, जरा दाब की." कुठला तळपाय? आत्याला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. तसं नसतं. पाय जातो, पण मेंदूतली त्याची जागा शाबूत असते; तो खरोखरच दुखतो. त्यावर गोळ्या असतात. शिवाय आरशाची युक्ती, जी मेंदूचे अभ्यासक डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात पुढं आणली : दोन पायांच्या मध्ये आरसा उभा धरायचा, चांगला पाय हलवायचा आणि आरशात गेलेला पाय हलताना बघायचा. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. आण्णांना थोडा आला.

आता कृत्रिम पाय आहे. स्टंप आटत जातो, तसा सॉकेट सैल होतो. मग एक मोजा वाढवायचा. जास्त काळजी उजव्या पायाची. त्याला बधिरपणा आहे, टोचलेलं कळत नाही. म्हणून मी रोज रात्री बॅटरी लावून बोटांच्या बेचक्या बघते. डॉक्टरांनी कडक चामड्याची कोल्हापुरी बंद करून मऊ बूट सांगितलेत. कोल्हापुरात राहून! आण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उजव्याला बूट घालतो. पण डाव्याला कोल्हापुरीच. त्याला कुठं फोड येतोय?"