शब्द येईपर्यंत

दादांचा फोन आला तेव्हा पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मी थांबलो. त्यांच्याशी बोलताना थांबायचं असतं, हे एव्हाना आम्हा सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. बऱ्याच वेळाने ‘शनिवार’ असा शब्द आला, मग पुन्हा शांतता, आणि मग ‘तूच’. वहिनींनी फोन घेऊन बाकीचं सांगितलं. ब्लूज या अमेरिकी संगीताच्या एका छोट्या महोत्सवात चाळीस मिनिटं मिळत होती, दादांनी हो कळवून टाकलं होतं, आणि ड्रमवर त्यांना मीच हवा होतो.

दादा आमच्या बँडचे गायक आणि गिटारिस्ट. पक्षाघाताच्या झटक्यात त्यांची उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणंही गेलं. व्यायामाने पाय बराचसा सुधारला, पण पिक धरायची बोटं काही वळली नाहीत, त्यामुळे गिटार सुटली. समजतं त्यांना सगळं. शब्दही डोक्यात असतो, पण ओठांवर येता येता अडतो. गाताना मात्र हाच माणूस अख्खी ओळ म्हणून जातो. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. त्यांना बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी नंतर नीट समजावलं. बोलण्याचं काम बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला चालतं, सुरांमध्ये उजव्या बाजूचाही मोठा वाटा असतो. म्हणून डावीकडे इजा झालेल्या माणसाला बोलता आलं नाही तरी पुष्कळदा गाता येतं. याच गोष्टीवर आधारलेली एक उपचारपद्धत अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९७३ साली मांडली. तिच्यात रुग्ण वाक्य सुरात म्हणतो आणि प्रत्येक अक्षरागणिक डाव्या हाताने थाप देतो. थाप म्हटल्यावर माझे कान टवकारले. आयुष्यभर मी दुसरं काय केलं होतं?

पण सगळ्या ओळी येतात असं नाही. एखादी मध्येच अडते. कधी एका मात्रेसाठी, कधी पुरत्या दोन बारसाठी, म्हणजे आठ मात्रांसाठी. एकटं गाताना त्याने काही बिघडत नाही, पण बँडबरोबर गाताना फार बिघडतं.

ब्लूजचा सांगाडा बारा बारचा. कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, आणि तिचा क्रमांक सप्तकातल्या स्वरावरून. चार बार पहिल्या कॉर्डवर, दोन चौथीवर, पुन्हा दोन पहिलीवर, मग एक पाचवीवर, एक चौथीवर आणि शेवटचे दोन परत घरी येण्यासाठी. गायक पहिली ओळ म्हणतो, तीच ओळ चौथ्या कॉर्डवर पुन्हा म्हणतो आणि नवव्या बारला, पाचवी कॉर्ड लागते तिथे, तिसरी ओळ टाकतो. ही तिसरी ओळ म्हणजे पहिल्या दोन ओळींचं उत्तर. सगळं कडवं तिच्यासाठी ताटकळत असतं. दादांची नेमकी तीच अडायची.

सरावाला आमचा नवा बेसिस्ट होता. पोरगा गुणी, हात स्वच्छ, पण मेट्रोनोम, म्हणजे ठोके मोजून देणारं यंत्र, कानात घालूनच लहानाचा मोठा झालेला. पहिल्याच कडव्यात दादा अडले, हा पठ्ठ्या मोजून नवव्या बारला पाचव्या कॉर्डवर गेला, गिटारिस्ट पहिलीवरच थांबला आणि दादांची ओळ दोघांच्या मध्ये सापडली. दादांनी मान खाली घातली. पोरगा माझ्याकडे वळून म्हणाला, “काका, सगळ्यांच्या कानात मेट्रोनोमचा क्लिक दिला तर? दादांच्यासुद्धा. समोर स्क्रीनवर शब्दही लावू.” त्याच्या मनात काळजीच होती. तरी मी नको म्हणालो. स्क्रीनवर शब्द दिसले म्हणून ते तोंडातून निघत नाहीत, आणि क्लिक कुणासाठी थांबत नाही.

मी त्याला ब्लूज गायक-गिटारिस्ट जॉन ली हूकर यांचं उदाहरण दिलं. १९४८ साली डेट्रॉइटमध्ये त्यांनी आपलं पहिलं गाजलेलं रेकॉर्डिंग केलं, त्यात त्यांचा आवाज, गिटार आणि जमिनीवर आपटणारा पाय एवढंच आहे. बारा बार पुरे करायचं बंधन ते मानत नसत. ओळ संपली की कॉर्ड बदलायची, मग बार अकरा होवोत की साडेतेरा. त्यांच्यामागे वाजवताना चांगल्या चांगल्या वादकांची भंबेरी उडायची. जे निभावले, ते मोजणं सोडून त्यांच्याकडे बघत होते. शिकागोच्या फ्रेड बिलो यांचंही सांगितलं. जॅझ शिकून आलेला हा ड्रमर सुरुवातीला ब्लूजमध्ये बावचळला होता. पुढे त्याच माणसाने लिटल वॉल्टर यांच्या हार्मोनिकामागे जे वाजवलं, ते आजही आम्ही ड्रमर लोक डोळे मिटून ऐकतो.

खरं तर हे मला दादांनीच शिकवलेलं. आधी मी रॉक बँडमध्ये होतो. जाड काठ्या, पायाने वाजवायचा मोठा किक ड्रम, प्रत्येक चार बारनंतर सगळे टॉम, म्हणजे वरचे लहान ड्रम, फिरून यायचे आणि शेवटी क्रॅश झांजेवर दणका. लोक नाचायचे, मला मजा यायची, आणि त्या वाजवण्याबद्दल आजही माझ्या मनात प्रेमच आहे. दादांच्या पहिल्या सरावाला गेलो तर त्यांनी माझे तिन्ही टॉम स्वतःच्या हाताने उचलून भिंतीशी ठेवले. उरले किक, कडक आवाजाचा स्नेअर ड्रम आणि हाय-हॅट, म्हणजे पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी. म्हणाले, “आता वाजव. मी श्वास घेईन तिथे तुझी जागा.” त्या संध्याकाळी आम्ही एकच शफल तासभर वाजवला. शफल म्हणजे प्रत्येक मात्रेचे तीन भाग करायचे आणि मधला गाळायचा. सांगायला एवढंच, पण मधली ती रिकामी जागा किती रुंद ठेवायची यात आयुष्य जातं. रुंद झाली तर गाणं लंगडतं, अरुंद झाली तर कवायत होते. नंतर बँड बदलत गेले, क्लब बंद पडले, नवे उघडले, पाठीत उसण भरू लागली, पण कुणाच्याही मागे बसलो की मी आधी गायकाचा श्वास शोधतो.

म्हणून क्लिकऐवजी आम्ही खुणा ठरवल्या. मी राइड झांजेवरून बंद हाय-हॅटवर आलो आणि स्नेअरच्या कडेवर काठी आडवी टेकवून टक वाजवू लागलो, तर जो ज्या कॉर्डवर असेल त्याने तिथेच थांबायचं. स्नेअरवर तीन-तीन ठोक्यांचा फिल, म्हणजे जागा भरणारे ठोके, चढत गेला आणि क्रॅश पडला, की पुढच्या कॉर्डवर उडी. मोजायचं नाही. पोराने विचारलं, “आणि काका, तुम्हाला कसं कळणार?” मी त्याला दादांची डावी टाच दाखवली. ती बाजू धड होती. ओळ येणार असली की टाच आधीच ठेका धरते, अडली की जमिनीला चिकटते. सरावभर मी तेच पाहत होतो.

शनिवारी साउंडचेकला पहिली कुरबुर झाली ती माझ्या जागेवरून. ड्रम सहसा स्टेजच्या मध्यावर, गायकाच्या पाठीमागे असतात. तिथून मला दादांची पाठ आणि स्टूल दिसणार होतं, टाच नाही. मी किट डावीकडे सरकवून तिरपं लावायला सांगितलं. स्टेज सांभाळणारा मुलगा माइकच्या वायरींकडे बघून वैतागला, पण कारण सांगितल्यावर त्यानेच गालिचा ओढायला हात लावला. स्नेअर, झांजा आणि पेडल मी माझेच नेतो, बाकी किट तिथलं होतं. मॉनिटरमध्ये, म्हणजे माझ्यासाठी लावलेल्या स्पीकरमध्ये, मी फक्त दादांचा आवाज मागितला. बेस नको, गिटार नको. कानात माझे नेहमीचे गाळणी असलेले प्लग होते. तरुण ड्रमरांना हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं: ८५ डेसिबल आवाजात आठ तास बसता येतं, पण १०० डेसिबलला ही मुदत पंधरा मिनिटांवर येते, आणि ड्रम किट १०० सहज ओलांडतं. माझ्या डाव्या, हाय-हॅटकडच्या कानात कायमची शिटी आहे. प्लग घालून कमी ऐकू येतं हा गैरसमज आहे. गोंगाट खाली बसतो आणि गायकाचा श्वास उलट स्पष्ट लागतो.

पहिली दोन गाणी सुरळीत गेली. दोन्ही शफल, दोन्ही दादांच्या हाडात मुरलेली. तिसरं संथ ब्लूज होतं, मिनिटाला साठ मात्रांच्या लयीतलं. या लयीत एक बार चार सेकंदांचा होतो. घरात बसून चार सेकंद काहीच नाहीत, पण स्टेजवर गायक गप्प असेल तर तेवढ्यात लोकांच्या माना वर होतात.

पहिलं कडवं आलं. दुसऱ्याची पहिली ओळ आली, तीच पुन्हा आली. आठवा बार संपत आला तरी मॉनिटरमध्ये श्वास नव्हता. मी टाचेकडे पाहिलं. ती जमिनीला चिकटलेली. राइड सोडून मी हाय-हॅटवर आलो, डाव्या हाताची काठी कडेवर आडवी टेकवली. टक. बेसचा पोरगा पहिल्या कॉर्डवर थांबला, गिटारिस्टही थांबला. एक बार गेला, दुसरा गेला. दादा माइकपुढे तोंड उघडं ठेवून बसले होते, कपाळावरची शीर ताठ. गिटारिस्टने दोन-तीन स्वरांची लहानशी हाक दिली आणि तोही गप्प झाला. आमचा आवाज आपोआप उतरत गेला. प्रेक्षकांना हे मुद्दाम केलंय असंच वाटत असणार, कारण एक जण ओरडून दाद देत होता.

तेव्हा मला त्या बाईंनी सांगितलेली थाप आठवली. अडलेली ओळ मला पाठ होतीच. मी हाय-हॅट तशीच चालू ठेवली आणि काठीने त्या ओळीची अक्षरं वाजवायला लागलो, अगदी हळू, दादा ती जशी तोडून म्हणतात तशीच: आधी दोन आखूड, एक लांब, मग चार घाईची. एकदा वाजवली. दुसऱ्यांदा वाजवली. दादांचा डावा हात मांडीवर आला आणि त्याच तुकड्यांवर हलायला लागला. टाच उठली. मॉनिटरमध्ये श्वास आला. मी फिल चढवला, क्रॅश मारला आणि आम्ही चौघे पाचव्या कॉर्डवर एकत्र उतरलो. ओळ पुरी आली, शेवटच्या शब्दासकट.

पुढचं कडवं एवढं नीट गेलं नाही. दादांना बहुधा धीर आला होता, कारण तिसरी ओळ त्यांनी अर्धा बार आधीच घेतली. मी आणि पोरगा त्यांच्याबरोबर गेलो, गिटारिस्ट मागे राहिला आणि एक बारभर दोन कॉर्ड एकमेकींवर आदळल्या. मी किक आणि स्नेअर जोरात एकत्र वाजवून सम दाखवली, तेव्हा तो जागेवर आला. चौथ्या गाण्यात दादा दमले. ते आम्ही दोन कडव्यांत आवरलं आणि पाचवं घेतलंच नाही. चाळीस मिनिटांपैकी सातेक मिनिटं शिल्लक राहिली, त्याचं मला काडीचंही वाईट वाटलं नाही.

लेव्हॉन हेल्म हे दादांचं दैवत. ड्रम वाजवत गाणारा तो माणूस. १९९८ साली घशाच्या कर्करोगाचं निदान झालं आणि आवाज गेला. त्या काळात ते ड्रम वाजवत राहिले, आणि काही वर्षांनी आवाज परतला तेव्हा पुन्हा गायले. आजारपणात दादा हीच गाणी लावून बसायचे, असं वहिनी सांगत होत्या. आता कळतं की ते नुसते ऐकत नसणार.

स्टेजमागे पोरगा बेस पुसत होता. त्याचे हात अजून थरथरत होते. म्हणाला, “काका, तुम्ही ती ओळ वाजवलीत तेव्हा मला शब्द ऐकू आले.” याहून मोठी दाद मला इतक्या वर्षांत क्वचितच मिळाली असेल. दादा स्टुलावर बसून पाणी पीत होते. मी शेजारी जाऊन बसलो. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि शब्द शोधायला लागले. मी थांबलो. बराच वेळ गेला. मग म्हणाले, “दुसरं. घाई.”

खरं होतं. दुसऱ्या गाण्याची लय मी सरावापेक्षा थोडी वर ठेवली होती, बाहेर गर्दी तापलेली होती म्हणून. त्यांच्या कानातून ते सुटलं नव्हतं. मी मान डोलावली आणि पुढच्या वेळी लय किती ठेवायची ते त्यांच्या मांडीवर वाजवून दाखवलं. त्यांनी बोटाने आणखी खाली आणलं.

आता सराव दर आठवड्याला दादांच्या घरी होतो. बोलायला शिकवणाऱ्या बाई एकदा येऊन बसल्या आणि गाताना डावा हात मांडीवर चालू ठेवायचा, हे त्यांनी दादांना पक्कं सांगून टाकलं. त्यामुळे मला टाचेबरोबर हातही दिसतो. ओळ लवकर आली तर त्यासाठी गिटारिस्टला वेगळी खूण हवी आहे. मी किकवर दोन जलद ठोके सुचवलेत, पोराला स्नेअरचा एकच जोरदार ठोका बरा वाटतो. या आठवड्यात दोन्ही करून पाहू.