४६ मीटर

परवा ऑफिसात सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. अपील जिंकलं म्हणून. आमची एक एक्सेल शीट आहे, त्यात केसच्या पुढे 'यशस्वी' लिहिलं की रकाना आपोआप हिरवा होतो, तो झाला, मॅनेजरबाईंनी केक आणला, आणि मी तो केक खाऊन घरी येऊन रात्री दोनपर्यंत छताकडे बघत पडले होते. नवरा म्हणाला लिहून काढ कुठेतरी, माझं डोकं नको खाऊस. म्हणून लिहितेय.

मी मूळची मिरजेची, इंग्लंडात मिडलंड्समध्ये राहते आणि एका छोट्या सल्ला केंद्रात काम करते. सरकारी भत्ता कापला गेला की लोक आमच्याकडे येतात. मिरजेतल्या मावशीला वाटतं मी वकील आहे, इथल्या शेजारणीला वाटतं मी सोशल वर्कर, प्रत्यक्षात मी अर्धा दिवस कानाला फोन लावून तीच ती होल्डची धून ऐकत बसते आणि उरलेला अर्धा दिवस दोनशे पानांच्या बंडलात पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवते.

आता हा भत्ता काय ते थोडक्यात. पीआयपी, इथं सगळे 'पिप' म्हणतात. आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे जो जास्तीचा खर्च होतो त्यासाठी. नोकरी करा नाहीतर नका करू, त्याचा संबंध नाही. (हे मी इंग्रज लोकांनाही दिवसातून तीनदा सांगते, कारण पेपरवाल्यांनी त्यांच्या डोक्यात भरवलंय की हा रिकामटेकड्यांचा पगार आहे.) याचे दोन भाग, एक घरातल्या रोजच्या कामांसाठी आणि एक हिंडण्याफिरण्यासाठी. हिंडण्याच्या भागात ८ गुण मिळाले तर साधा दर, २०२५-२६ मध्ये आठवड्याला २९.२० पौंड. १२ मिळाले तर वरचा दर, त्याच वर्षी ७७.०५. आणि वरचा दर असेल तरच तो भत्ता वळता करून मोटॅबिलिटी योजनेतून गाडी भाड्याने घेता येते. म्हणजे खरा प्रश्न पैशाचा नसतोच, गाडीचा असतो.

आणि १२ गुण कसे मिळतात? चालून. म्हणजे न चालून. तुम्हाला २० मीटरपेक्षा जास्त चालता येत नसेल तर १२. काठी घेऊन २० ते ५० मीटर जाता येत असेल तर १०. ५० ते २०० असेल तर ४, म्हणजे पदरात काहीच नाही.

२० मीटर म्हणजे किती माहितीये? क्रिकेटची खेळपट्टी. २२ यार्ड, २०.१२ मीटर. मी लोकांना असंच समजावते, आमच्याकडे येणाऱ्यांत निम्मे तरी गुजराती, पंजाबी नाहीतर पाकिस्तानी, चटकन कळतं त्यांना. या स्टंपपासून त्या स्टंपपर्यंत चालता आलं की तुमची गाडी गेली. याआधीचा जो भत्ता होता, डीएलए, त्यात साधारण ५० मीटरचा अंदाज धरायचे. २०१३ मध्ये पिप आणताना ते २० केलं. लोकांनी बोंबाबोंब केली, कोर्टात गेले, सरकारनं परत हरकती मागवल्या आणि २० चे २० च ठेवले. कपात म्हटलं की आपल्याला वाटतं कोणीतरी मंत्री उभा राहून इतके कोटी कापले म्हणून सांगणार. इथं नियमातला एक आकडा बदलला फक्त. ज्यांचं गेलं त्यांना ते आपलंच काहीतरी चुकलं असं वाटत राहिलं.

तर काका, ज्यांचं हे अपील ते. नाव सांगत नाही. १९७२ मध्ये ईदी अमीननं युगांडातून हाकललं त्या लोकांपैकी, तेव्हा १२ वर्षांचे होते. होजियरीच्या कारखान्यात जन्म गेला, कारखाने बंद पडल्यावर भाच्याच्या पेपरच्या दुकानात गल्ल्यावर बसायला लागले, आठवड्यातून चार दिवस, पहाटे सहा वाजता. मला 'बेन' म्हणतात, आमचं बोलणं अर्धं गुजराती, अर्धं हिंदी आणि चिडले की इंग्रजी. आजार स्पायनल स्टेनोसिस. कण्यातली पोकळी अरुंद होते, नसा दबतात, सरळ उभं राहून चाललं की दोन्ही पायांत कळा आणि मग पाय जडच होतात. पुढे वाकलं की बरं वाटतं.

हे पुढे वाकणं लक्षात ठेवा.

२०१७ पासून त्यांना वरचा दर होता, गाडी होती. साधी हॅचबॅक, बीएमडब्ल्यू नव्हे, तेही येतंय पुढे. गेल्या वर्षी फेरतपासणीचा फॉर्म आला, तो त्यांनी स्वतःच भरला (इथंच पहिली चूक, पण लोक आमच्याकडे येतात ते घर जळाल्यावर), मग एका खासगी कंपनीच्या बाईनं फोनवर तपासणी केली. चाळीस मिनिटं. तिनं विचारलं, खरेदीला जाता का? काका म्हणाले हो, रविवारी, ट्रॉली ढकलत सगळं सुपरमार्केट फिरतो. झालं. रिपोर्टात लिहिलं की सुपरमार्केटमध्ये हिंडतात, सबब ५० मीटरच्या पुढे चालू शकतात. ४ गुण.

आता स्टेनोसिसची कुठलीही माहिती उघडून बघा, ट्रॉलीचा उल्लेख असतोच. ट्रॉलीवर रेलून माणूस पुढे वाकतो, नसांना जागा मिळते, म्हणून ट्रॉलीनं चालता येतं आणि ट्रॉलीशिवाय येत नाही. हे या आजाराचं लक्षण आहे, डॉक्टर मुद्दाम विचारतात. जे आजाराचा पुरावा ते धडधाकटपणाचा पुरावा म्हणून लावलं. हा रिपोर्ट वाचून मी ऑफिसात मराठीत शिवी घातली होती, कोणाला कळली नाही म्हणून वाचले.

मार्चमध्ये पत्र आलं. गाडी आठ आठवड्यांत परत करायची. परत करायच्या आदल्या दिवशी काकांनी ती आतून-बाहेरून धुऊन घेतली, स्वतःचे पैसे देऊन. म्हटलं काका कशाला, ते धुतातच. म्हणाले, बेन, बीजानी चीज छे. दुसऱ्याची वस्तू आहे.

अपंगांना बसचा फुकट पास मिळतो ना, असं मला एका काउन्सिलरनं (म्हणजे इथला नगरसेवक, चांगला माणूस, पण) ऐकवलं. मिळतो. इंग्लंडात साधारणपणे तो कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊनंतर चालतो, दुकान उघडतं सहाला. आणि बसस्टॉप काकांच्या दारापासून १४० मीटर, मी टेप लावून मोजलंय. माझ्या गाडीत एक ३० मीटरचा टेप कायम असतो, गवंडी लोक वापरतात तसला. लोकांना अंतर सांगताच येत नाही. कोणी म्हणतं शंभर पावलं, कोणी म्हणतं इथून त्या चर्चपर्यंत. मी जाऊन मोजते, फोटो काढते, बंडलात लावते. एवढी एक गोष्ट मी या धंद्यात इतरांपेक्षा बरी करते असं मला वाटत होतं.

अपिलाची सुनावणी लागली २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये. योगायोग बघा, बजेटच्याच आठवड्यात. त्या वेळी पेपरात रोज 'फुकटच्या बीएमडब्ल्यू' चालू होत्या. बजेटच्या आदल्याच दिवशी मोटॅबिलिटीनं बीएमडब्ल्यू, मर्सिडीज वगैरे यादीतून काढल्या होत्या आणि बजेटमध्ये ठरलं की जुलै २०२६ पासून गाडीसाठी लोक भत्त्याच्या वर जे पैसे घालतात त्यावर व्हॅट आणि विम्यावर करही लागणार. मोठ्या गाड्या लोक तशाही स्वतःची भर घालूनच घ्यायचे. पण हे कोण छापणार? त्याच वर्षी मार्चमध्ये पिपचे रोजच्या कामांचे गुण कडक करायचा घाट सरकारनं घातला होता, जुलैत स्वतःच्याच खासदारांनी बंड केलं म्हणून ते कलम मागे घ्यावं लागलं, तेव्हा आम्ही ऑफिसात नाचलो होतो. मी या कामात नवी होते तेव्हा, २०१७ मध्ये, मानसिक त्रासामुळे एकट्याला बाहेर पडता येत नाही अशांचे हिंडण्याचे गुण एक नियम बदलून कापले होते. डिसेंबरात हायकोर्टानं तो बदल रद्द केला आणि भत्ता देणाऱ्या सरकारी खात्याला १६ लाख फायली परत उघडाव्या लागल्या. त्यामुळे लढलं की मिळतं यावर माझा विश्वास आहे. होता. आहे.

तर सुनावणीच्या सकाळी मी काकांना घ्यायला गेले. दार उघडलं तर सूट. टाय. लेकाच्या लग्नातला. मी सगळ्यांना सांगते, रोजचे कपडे घाला, रोज जसे असता तसे या. काका म्हणाले, जज पासे जवानु छे. जजकडे जायचंय. काय बोलणार. निघालो, आणि पोचल्यावर लक्षात आलं की ब्लू बॅज, म्हणजे अपंगांचा पार्किंगचा बिल्ला, रोजच्या जाकिटात घरी राहिला. दाराशी सोडायला गेले तर सिक्युरिटीवाला म्हणे इथं थांबायचं नाही, मागून व्हॅन हॉर्न मारतेय. घाईत पुढे गेले आणि वळणावर जागा मिळाली तिथे गाडी लावली. म्हटलं थांबा, आतून व्हीलचेअर आणते. नाही म्हणाले. मी एकदाच म्हटलं. एकदाच. घड्याळात बघितलं, वीस मिनिटं होती, आणि मी त्यांचा हात धरला.

चार वेळा थांबलो. पहिल्यांदा कचऱ्याच्या डब्याला धरून, मग एका गाडीच्या बॉनेटला, मग दोनदा रेलिंगला, कमरेतून पुढे वाकून, टाय लोंबकळत. अकरा मिनिटं लागली. निरोगी माणसाचं ते काम अर्ध्या-पाऊण मिनिटाचं.

आत, म्हणजे ट्रायब्युनलमध्ये, तिघं असतात. जज, एक डॉक्टर आणि एक अपंगत्वाचा अनुभव असलेला सदस्य. वाईट नव्हते हो, उलट जजबाईंनी काकांना हवं तेव्हा उभे राहा, बसा म्हणून सांगितलं. ट्रॉलीचा मुद्दा मी मांडायच्या आधीच डॉक्टरनं मान हलवली, त्याला माहीतच होतं. मला वाटलं जिंकलो. मग जजबाईंनी सहज विचारलं, आज गाडीपासून इथपर्यंत कसे आलात?

काका ताठ बसले आणि म्हणाले, "आय वॉक्ड, मॅडम. नो प्रॉब्लेम."

अशा वेळी मला मध्ये बोलता येत नाही, उत्तर तोंडात घालायचं नसतं. माझी पाळी आल्यावर मी चार थांबे सांगितले, अकरा मिनिटं सांगितली, नियमाची आठवण करून दिली की नुसतं चालता येणं पुरत नाही, सुरक्षितपणे, ठीकठाक, परत परत आणि वाजवी वेळात, म्हणजे निरोगी माणसाच्या दुपटीपेक्षा जास्त वेळ न लावता चालता आलं तरच ते चालणं धरायचं. सगळं बोलले. डॉक्टरनं लिहून घेतलं. गाडी किती लांब होती, त्यानं विचारलं. आणि मी, जी बाई लोकांच्या घरापासून बसस्टॉप मोजत हिंडते, म्हणाले की नक्की सांगता येणार नाही, पण ५० च्या आत.

वीस मिनिटांनी निकाल. काठीच्या आधारे २० ते ५० मीटर. १० गुण. साधा दर, मार्चपासूनची थकबाकी. खात्याचा निर्णय रद्द, म्हणजे आमची शीट हिरवी. गाडी नाही.

काका खूश होते हो. माझा हात हातात घेऊन थँक्यू थँक्यू म्हणाले. त्यांना अजून नीट उमगलं नव्हतं. बाहेर पडताना पाय उचलेचनात तेव्हा सिक्युरिटीवाल्यानंच खुर्ची दिली आणि जिथं थांबायचं नाही तिथंच मी गाडी आणली, या वेळी त्यानं हूं की चूं केलं नाही.

त्यांना घरी सोडून मी संध्याकाळी परत तिथे गेले. अंधार, पाऊस, रस्त्यावर वाकून टेप धरलेली बाई, एका मुलानं विचारलंसुद्धा काही हरवलं का. ३० मीटरला खडूनं खूण केली, पुढे १६. सेहेचाळीस.

आता पुढचं असं आहे. महिन्याच्या आत निकालाची लेखी कारणं मागता येतात, ती मी मागितली आहेत. ते अकरा मिनिटं आणि परत न चालता येणं त्यांनी विचारात घेतलं नसेल तर ती कायद्याची चूक, वरच्या ट्रायब्युनलमध्ये जाता येतं. पण तिथून केस परत नव्या तिघांपुढे आली तर ते १० चे ४ सुद्धा करू शकतात. म्हणजे हातातले २९.२० पण गेले. आणि काका ६५ चे आहेत. पेन्शनचं वय, त्यांच्यासाठी ६६ आणि वर काही महिने, ओलांडलं की यापुढे आजार कितीही वाढू दे, हिंडण्याचा दर साध्याचा वरचा होत नाही. कधीच नाही. उद्या अजिबात उठता आलं नाही तरी नाही.

एक सहकारी म्हणते मिळालंय ते घे, फाइल बंद कर. अनुभवी आहे ती, चुकीचं सांगत नाहीये. पण तिच्या फाइली मी बघितल्यात, सगळ्या हिरव्या.

काल काकांचा फोन आला होता. थकबाकी जमा झाली का बघायला मला बँकेचं ॲप उघडायला शिकवा म्हणाले. शिकवलं. मग म्हणाले, तर मग गाडीचं कधी कळवणार? मी म्हटलं सोमवारी येते, बसून बोलू. टेप माझ्या डिकीत आहे, अजून ओला आहे, आणि त्यांना सोमवारी ४६ सांगायचं की नाही ते काही ठरलेलं नाही.