आज मोती चौकात बाई भेटल्या

आज संध्याकाळी साताऱ्यात मोती चौकात कंदी पेढे घ्यायला थांबलो आणि शेजारी भूगोलाच्या बाई. बावीस वर्षांनी. मी पाया पडलो तर म्हणाल्या, "अरे, शेवटच्या बाकावरचा ना तू?" आवाज तोच!

नववीत समोच्चरेषा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, काही केल्या डोक्यात जाईनात, तेव्हा बाईंनी पुस्तक मिटून आम्हा सगळ्यांना खिडकीपाशी उभं केलं आणि समोरचा अजिंक्यतारा किल्ला दाखवला, म्हणाल्या तो कडा बघा, तिथं रेषा एकमेकींना चिकटणार, आणि खाली उतार सैल होतो तिथं लांब लांब जाणार, बस एवढंच लक्षात ठेवा. आज सर्वेच्या कामात १:५०,००० चा नकाशा उघडला, वीस-वीस मीटरच्या त्या रेषा दिसल्या की मला अजून ती खिडकीच दिसते, खरं सांगतो.

सहलीचे पैसे नव्हते तेव्हा बाईंनी गुपचूप भरले होते, कराडचा प्रीतिसंगम, कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन मिळताना मी पहिल्यांदा तेव्हा बघितल्या. ते आज सांगितलं तर म्हणाल्या मला आठवत पण नाही रे.

मला आठवतंय बाई. पेढ्याचा बॉक्स त्यांच्याच पिशवीत ठेवला. रविवारी घरी बोलावलंय, मुलीला घेऊन जाणारे.