आश्रमशाळेतला ९ ऑगस्ट

भाताची आवणी संपत आलेली असायची. पायांवरचा चिखल पुरता धुतलेला नसायचा, तरी ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाला, सकाळपासून पाड्यापाड्यांवरची आमची वारली माणसं आमच्या आश्रमशाळेत जमू लागायची. डोक्यावर इरलं, कडेवर लेकरू. जव्हारकडचा पाऊस त्या दिवशीही उघडीप देत नसे, म्हणून सगळा मेळावा जेवणाच्या शेडमध्ये भरायचा. आदल्या रात्री मुली एक भिंत गेरूनं सारवायच्या आणि तांदळाच्या पिठानं त्यावर शेतं, झाडं, नाचाचा फेर काढायच्या. चौक मात्र काढू द्यायच्या नाहीत म्हाताऱ्या बाया. तो लग्नात काढायचा चौकोन, पालघट देवीचा. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी बायकांच्या हातातली ही रेघ रोजच्या चित्रात आणली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा त्या वर्षीची भिंत मुलींनी दोनदा सारवून काढली होती.

हा दिवस का पाळायचा, ते गुरुजी दरवर्षी सांगत. १९८२ साली ९ ऑगस्टला जिनिव्हात आदिवासींच्या प्रश्नावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यगटाची पहिली बैठक भरली, १९९४ मध्ये ही तारीख जागतिक आदिवासी दिवस म्हणून ठरली. न्यूझीलंडचे माओरी, जपानचे ऐनू, नॉर्वेचे सामी ही नावं मी पहिल्यांदा त्या शेडमध्ये ऐकली. आमच्यासारखीच जमीन, भाषा आणि देव सांभाळून असलेली माणसं इतक्या लांबही आहेत, याचं केवढं अप्रूप वाटायचं!

तारपा या आमच्या फुंकून वाजवायच्या वाद्याची गोष्ट वेगळी. वाळलेला दुधी, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा लांब कर्णा एवढ्यातून तो आवाज निघतो. पण त्याचा खरा काळ भात पिकल्यानंतरचा. आमच्याकडचा म्हातारा तारपकरी ऑगस्टमध्ये वाजवायला कचरायचा. "शेतात अजून दाणा नाही, कणसरीला काय सांगू?" असं तो विचारायचा. कणसरी म्हणजे आमची धान्याची देवी. शेवटी त्यानंच तोड काढली. पोरांना शिकवायला वाजवीन, नाचायला नाही. म्हणून आमच्या मेळाव्यात नाच 'सादर' व्हायचाच नाही, तो शिकवला जायचा. तारपकरी मध्ये, एकमेकांच्या कमरेत हात गुंफलेली रांग त्याच्याभोवती, आणि नियम एकच: तारप्याला पाठ दाखवायची नाही. रांग वळली तरी तोंड त्याच्याकडेच. चुकलो की तो थांबायचा, पुन्हा पहिल्यापासून. पाहुण्यांसमोर पिसं खोचून नाचवलेली मुलं मी पुढे पुष्कळ पाहिली. आमच्या म्हाताऱ्यानं आम्हाला तसं उभं केलं नाही, याचं मोल आज जास्त वाटतं.

पण माझ्यासाठी सगळ्यात मोठा मेळावा २००८ चा. वनहक्क कायदा नुकताच लागू झाला होता. शेडच्या कोपऱ्यात एक टेबल मांडलं होतं आणि संघटनेचे कार्यकर्ते समजावत होते: १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असाल आणि आजही कसत असाल, तर चार हेक्टरपर्यंतच्या वनजमिनीवर तुमचा हक्क लागतो. माणसं गप्प. कारण कागद कोणाकडेच नव्हता. वनखात्याच्या दंडाच्या पावत्यासुद्धा पावसात, उंदरांत गेलेल्या. मग कार्यकर्ते म्हणाले, गावातल्या जाणत्या माणसाचा लेखी जबाबही पुरावा धरतात, जुनी विहीर, मसणवटा, देवाची जागासुद्धा. त्यासरशी शेडमध्ये बोलण्याला तोंड फुटलं. कुठला उतार कोणाच्या बापानं साफ केला, वाघदेवाचा दगड कोणत्या बांधावर आहे, सगळं म्हातारी माणसं सांगू लागली आणि आम्ही आठवी-नववीची पोरं वह्यांत उतरवून घेऊ लागलो. माझा आजा हळूहळू बोलायचा, मला लिहायला वेळ मिळावा म्हणून. शाळेत घोटून घेतलेलं अक्षर आपल्याच माणसांच्या कामी येतंय, हे मला त्या दुपारी कळलं. पुढे कोणाला कसतो त्यापेक्षा कमी जमीन लागली, कोणाचा दावा वर्षानुवर्षं अडकला. ते दुखणं अजून आहेच. पण गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्याची बातमी पुढच्या एका मेळाव्यात वाचून दाखवली, तेव्हा मागच्या रांगेतूनही टाळ्या आल्या.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी नंतरच्या वर्षांत सुरू झाली. बोटाला सुई टोचायची म्हणून लहान पोरं पळायची. आई-बाप दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक, आणि नुसता वाहक म्हणजे आजारी नव्हे, एवढंच पोचवायचं असायचं. पोस्टरवरून ते पोचलं नाही. मुलांनी वारली बोलीत नाटुकलं केलं, तेव्हा लग्नाच्या वयाची पोरं स्वतःहून रांगेत उभी राहिली.

आता आम्ही माजी विद्यार्थी तयारीला जातो. टेबल अजून लागतं, फक्त पलीकडे आम्ही बसतो. गेल्या मेळाव्यात नववीतल्या एका मुलीनं वारलीत भाषण केलं. वनजमिनीचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं निघाला पाहिजे, असं कायद्यातच लिहिलंय, हे तिनं ठणकावून सांगितलं. जेवणं झाल्यावर टेबलाशी बायकांचीच गर्दी होती. घरातल्या कागदावर आपलं नाव आहे की नाही, ते त्यांना बघायचं होतं.