न चालणारी घड्याळं

मशिदीत शिरलं की डाव्या हाताच्या भिंतीवर एक लाकडी फळी दिसते आणि फळीवर सहा घड्याळं. पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या पाच नमाजांची पाच, फजर, जोहर, असर, मगरिब, इशा, आणि सहावं जुम्म्याचं, म्हणजे शुक्रवारच्या नमाजचं. सहाही बंद. बिघडलेली नव्हेत, त्यांच्यात मशीनच नाही. नुसती तबकडी आणि दोन काटे. जमात, म्हणजे सगळ्यांची एकत्र नमाज, किती वाजता उभी राहणार एवढंच ती सांगतात. आठ-पंधरा दिवसांनी बांग देणारे मुअज्जिनसाहेब स्टुलावर चढतात आणि बोटानं काटा पाच मिनिटं पुढं किंवा मागं सारतात. शेजारी एक चालतं घड्याळ असतं, कुणीतरी आपल्या वडिलांच्या नावानं मशिदीला दिलेलं. आत येणारा माणूस एकदा चालत्या घड्याळाकडं बघतो, एकदा बंद घड्याळाकडं, आणि वुजूला, म्हणजे नमाजआधी हातपाय-तोंड धुवायला, निवांत बसायचं की घाई करायची ते ठरवतो.

आता बऱ्याच ठिकाणी लाल अक्षरांचा डिजिटल बोर्ड आलाय. सूर्योदय, सूर्यास्त, हिजरी तारीख, तापमानसुद्धा. मशिदीत तापमान कशाला हवं हे मला अजून उमगलेलं नाही. मे महिन्यात सांगलीत ते अंगाला कळतंच.

मी राहायला मिरजेत आणि नोकरीला सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी. आमचे शेठ जैन. पण जोहरची जमात दीडला आहे की पावणेदोनला हे त्यांना पाठ असतं. काटा सरकला की मी त्यांना सांगतो, मग ते विसरत नाहीत. शेतकरी समोर मालाच्या हिशेबाच्या पट्टीसाठी ताटकळत असला तरी म्हणतात, "भाई, तुम्ही जाऊन या. पट्टी मी बघतो." शेतकरीही कुरकुरत नाही. नमाजला गेलेला माणूस किती वेळात परत येतो याचा अंदाज यार्डात सगळ्यांना असतो. चहाला गेलेल्याबद्दल तसं सांगता येत नाही.

जोहरची वेळ सूर्य माथ्यावरून ढळला की लागते, आणि इथं एक गंमत आहे. आपल्या मनगटावरचं घड्याळ चालतं साडेब्याऐंशी अंश रेखांशावर, म्हणजे मिर्झापूरच्या सूर्यावर. सांगली आहे साडेचौऱ्याहत्तर अंशांच्या किंचित पुढं. एका अंशाला चार मिनिटं धरली तर आमचा सूर्य घड्याळाच्या अर्धा तास मागं राहतो. त्यातही तो वर्षभर एका चालीनं चालत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला इथली माध्यान्ह सव्वाबारालाच उरकते, फेब्रुवारीत पाऊण वाजायला येतो. मगरिबचं तर विचारूच नका. नोव्हेंबरअखेर सहाच्या आत सूर्य बुडतो, जुलैत सात वाजून जातात. ज्याला पाच वेळा हजेरी लावायची आहे त्याला सरकारी वेळ पुरत नाही. त्याला मान वर करून बघावंच लागतं, किंवा बघणारा कुणीतरी नेमावा लागतो. जुन्या काळी मोठ्या मशिदींतून असा माणूस पगारावर असायचा. त्याला मुवक्कित म्हणत. दमास्कसच्या उमय्या मशिदीतला मुवक्कित इब्न अल-शातिर हा त्याच्या काळातला नावाजलेला खगोलशास्त्रज्ञ होता. १३७१ साली त्यानं मशिदीच्या मिनारासाठी संगमरवरी सूर्यघड्याळ करून दिलं. आमच्या मुअज्जिनसाहेबांना मी हे सांगितलं, तेव्हा ते स्टुलावरून खाली न उतरताच म्हणाले, "त्यांना पगार वेळेवर मिळत असणार."

असरचा मामला आणखी रंगतदार. माझी भाभी माहेरची चिपळूणकडची. कोकणातले मुसलमान शाफई, आम्ही घाटावरचे बहुतेक हनफी. हे इस्लामी धर्मशास्त्राचे दोन मजहब, म्हणजे पंथ. शाफईंच्या हिशेबानं वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी झाली की असर लागते, हनफींच्या हिशेबानं दुप्पट झाल्यावर. दुपारची मूळ सावली दोन्हीकडं वगळायची. मेच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी सांगलीत सूर्य ऐन डोक्यावर येतो, तेव्हा वगळायलाही काही उरत नाही, अंगणातल्या खांबाची सावली खांबाच्या बुडाशीच जिरते. तर या दोन सावल्यांच्या मधे ऋतूप्रमाणे पाऊण ते सव्वा तास जातो. भाभी लग्न होऊन आल्या तेव्हा आमच्या दादीला वाटलं, ही पोरगी वेळेच्या आधीच नमाज उरकून घेते. मग कुणीतरी समजावलं. तेव्हापासून आमच्या घरात दुपारचा चहा भाभींच्या असरनंतर आणि आमच्या असरच्या आधी, असा त्या दोन मजहबांच्या फटीत होतो. मला वाटतं, सांगली जिल्ह्यात चहाची वेळ फिकहच्या, म्हणजे धर्मशास्त्राच्या, आधारानं ठरवणारं आमचंच घर असेल.

ठरल्या वेळी ठरलेली गोष्ट, याचं मिरजेत कुणाला नवल वाटत नाही. इथं सतारी आणि तंबोरे बनवणारी घराणी आहेत. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबर इथंच, मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात. दरवर्षी उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. त्या गाण्याला मांडी घालून बसणाऱ्या हमालालाही ठाऊक असतं, की यमन संध्याकाळचा आणि भैरव पहाटेचा. गवई रात्री नऊला भैरव लावत नाही, आणि त्याला कुणी टाइम मॅनेजमेंट म्हणत नाही.

हा शब्द माझ्या डोक्यात बसलाय तो व्हॉट्सअ‍ॅपमुळं. आमच्या बिरादरीच्या ग्रुपवर हल्ली फार व्हिडिओ येतात. इस्लामनुसार वेळेचं नियोजन, फजरनंतर न झोपण्याचे फायदे, यशस्वी लोक पहाटे काय करतात. टाय लावलेला एक तरुण बोलत असतो, मागं आलेख वर वर चढत असतो. त्याच्या तोंडी हदीस, म्हणजे प्रेषितांचं वचन, असते आणि ती खरीही असते. "अल्लाह, माझ्या उम्मतीच्या (अनुयायांच्या) सकाळच्या वेळेत बरकत दे," अशी दुआ प्रेषित मुहम्मद (स.) यांनी केली होती. ती सांगणारे सख्र अल-गामिदी स्वतः व्यापारी. आपला माल ते सकाळीच रवाना करत आणि पुढं मालदार झाले, असं तिर्मिजी आणि अबू दाऊद यांच्या संग्रहांत आहे. सांगलीच्या भाजी मंडईत हे कुणाला शिकवायला नको. माझी तक्रार हदीसबद्दल नाही, त्या आलेखाबद्दल आहे. त्यात प्रत्येक मिनिट म्हणजे पिळायचा ऊस, रस निघालाच पाहिजे.

हेच लोक सूरह अल्-अस्रसुद्धा वापरतात. कुरआनातली १०३वी सूरह, म्हणजे अध्याय, तीनच आयती. इमामांना कधी घाई असली की नमाजच्या दुसऱ्या रकातीत (फेरीत) हीच यायची दाट शक्यता असते. काळाची शपथ, माणूस तोट्यात आहे, अपवाद फक्त अशा लोकांचा, ज्यांनी श्रद्धा ठेवली, सत्कर्मं केली, एकमेकांना सत्याची आणि सबराची, म्हणजे धीराची, ताकीद दिली. इमाम फखरुद्दीन राझींनी आपल्या तफसीरमध्ये, म्हणजे कुरआनवरच्या भाष्यात, एका बुजुर्गांचं म्हणणं नोंदवलंय, की या सूरहचा अर्थ मला एका बर्फवाल्याकडून समजला. तो बाजारात ओरडत होता, "ज्याचं भांडवलच वितळतंय त्याच्यावर दया करा!"

व्हिडिओवाले इथं थांबतात. वितळतंय, वितळतंय, पळा. मी अडत्याकडं काम करतो, त्यामुळं मला पुढचं दिसतं. बर्फवाला बर्फ वाचवत बसत नाही, तो विकायला बसलाय. बर्फ जाणारच आहे, प्रश्न एवढाच की गिऱ्हाइकाच्या भांड्यात जाणार की गटारात. आणि आता त्या चार गोष्टी परत मोजा. शेवटच्या दोन एकट्यानं करता येत नाहीत. सत्याची ताकीद द्यायला समोर कुणीतरी लागतं, सबर सांगायलाही लागतं. म्हणजे पेढीवर भाव पडल्यामुळं तोंड पाडून बसलेल्या शेतकऱ्याशी मी दहा मिनिटं बोललो, तर ती दहा मिनिटं त्या तरुणाच्या आलेखात वाया गेली. सूरहच्या हिशेबात ती जमेकडं धरायला जागा आहे.

याबाबतीत मला प्रेषितांचे सोबती हजरत सलमान फारसी फार जवळचे वाटतात. त्यांना आणि अबू दरदांना प्रेषितांनी भाऊ-भाऊ केलं होतं. सलमान एकदा त्यांच्या घरी गेले, तर घरची बाई मळक्या कपड्यांत. काय झालं विचारलं, तर म्हणाली, तुमच्या भावाला या दुनियेत रसच नाही. अबू दरदांनी पाहुण्यापुढं जेवण ठेवलं आणि म्हणाले, तुम्ही घ्या, माझा रोजा आहे. सलमान म्हणाले, तुम्ही जेवल्याशिवाय मी घास घेणार नाही. जेवावं लागलं. रात्री अबू दरदा नमाजला उठायला लागले. सलमान म्हणाले, झोपा. थोड्या वेळानं परत उठले. परत, झोपा. रात्र सरत आल्यावर म्हणाले, आता उठा, आणि दोघांनी नमाज पढली. मग सलमाननी सांगितलं, तुमच्या रबचा तुमच्यावर हक आहे, तुमच्या जिवाचा आहे, तुमच्या घरच्यांचा आहे, ज्याचा त्याला हक द्या. गोष्ट प्रेषितांच्या कानावर गेली. ते म्हणाले, सलमान खरं बोलले. हे बुखारीच्या हदीससंग्रहात आहे. पाहुण्यानं यजमानाला त्याच्याच घरात दोनदा झोपवावं, हे मला आमच्या मिरजेतल्या एखाद्या मामूसारखं वाटतं.

यार्डात जोहरनंतर हमाल पोत्यांच्या थप्पीला टेकून डुलकी काढतात. दुपारच्या या झोपेला कैलूला म्हणतात आणि ती सुन्नत, म्हणजे प्रेषितांची रीत, आहे. त्यांच्यातले निम्मे मुसलमान नाहीत, पण सुन्नत सगळेच पाळतात. इशानंतर गप्पा मारत बसणं मात्र प्रेषितांना आवडत नसे. ही सुन्नत मोबाइल आल्यापासून सगळ्यांनाच जड जाते, आणि सगळ्यात जास्त त्या व्हिडिओ पाठवणाऱ्यांना. त्यांचे व्हिडिओ येतात रात्री साडेअकराला.

रमजानचा हिशेब वेगळाच. हिजरी वर्ष आपल्या वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान, त्यामुळं रोजे दरवर्षी अलीकडं सरकतात आणि तेहतीसएक वर्षांत सगळे ऋतू हिंडून येतात. २०१८ साली रमजान मेच्या मध्याला लागला होता, ऊन आणि पाणी दोन्हींची परीक्षा. २०२५ साली तो मार्चच्या सुरुवातीला आला, म्हणजे हळदीच्या ऐन आवकेत. हवा जरा बरी, पण कामाला दम नाही. सौदे चालू, धूळ घशात, पाण्याचा थेंब नाही. त्या महिन्यात वेळ कळण्यासाठी कुठलंच घड्याळ लागत नाही. चार वाजले की दुकानातली सगळी मंडळी, रोजा असलेली आणि नसलेली, सारखीच गप्प होतात. शेठ स्वतःचा चहा आतल्या खोलीत जाऊन पितात. त्यांना तसं करू नका म्हणून सांगितलं, तरी जातात.

जुम्म्याबद्दल कुरआनातल्या सूरह जुमुआत सांगितलंय, की बांग झाली की खरेदी-विक्री सोडून या, आणि नमाज झाली की जमिनीवर पांगा, अल्लाहचा फजल, म्हणजे कृपा, शोधा. दिवसभर दुकान बंद ठेवा असं म्हटलेलं नाही, हे व्यापाऱ्याला किती सोयीचं आहे ते व्यापाऱ्यालाच ठाऊक. त्याच सूरहच्या शेवटी एक तक्रारही आहे. मदिनेत प्रेषित खुतब्याला, म्हणजे जुम्म्याच्या प्रवचनाला, उभे होते, तेवढ्यात धान्याचा काफिला आल्याची खबर आली आणि लोक उठून तिकडं गेले. मागं बाराच माणसं राहिली, असं बुखारीत येतं. त्या बाराजणांबद्दल आदर आहेच. पण उठून गेलेल्यांचा चेहरा मला जास्त नीट दिसतो, कारण फेब्रुवारीत गाड्यांची रांग लागलेली असताना खुतबा ऐकणाऱ्यांचा चेहरा मी पाहिलाय.

आमच्या इमामसाहेबांना हे कळतं. नमाज लांब आणि खुतबा आखूड असणं ही माणसाच्या समजदारीची खूण, अशी एक हदीस सहीह मुस्लिम या संग्रहात आहे आणि सीझनमध्ये ते तिच्यावर काटेकोर अमल करतात. पावणेदोनला सलाम फिरतो, म्हणजे नमाज संपते. पांगायचा हुकूम आहेच. पण दारात चपला शोधता शोधता कुणाच्या मुलीचं लग्न ठरलेलं असतं, कुणाचा दवाखान्यातून निरोप आलेला असतो, कुपवाडवाल्याला कर्नाटकातल्या मालाचा भाव विचारायचा असतो, आणि या सगळ्यात कुणीतरी कुणाचीतरी चप्पल घालून गेलेलं असतं. अर्धा तास सहज जातो. दुकानात पोचलो की शेठ घड्याळाकडं न बघता विचारतात, "चप्पल सापडली का भाई?"