आमची वाटचाल : वापरलेल्या बोटी आणि त्यांचे नवे मालक

आउटबोर्ड इंजिने, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवायची इंजिने, आणि फायबरच्या लहान बोटी दुरुस्त करणे हा आमचा व्यवसाय असून अलिबागजवळ मांडवा आणि रेवस यांच्या मधल्या पट्ट्यात आमची शेड २००३ साली उभी राहिली. सुरुवातीला कामे मुख्यतः मासेमारीच्या होड्यांची येत. पुढे आवास, सासवणे, किहीम या गावांत मुंबईकरांचे बंगले वाढले, तशा हौसेच्या बोटीही वाढल्या, आणि त्यांतील बहुतेक कोणाच्या तरी वापरून झालेल्या होत्या. पहिल्यांदाच बोटीचा मालक झालेला माणूस इंजिन बंद पडल्यावर आमच्याकडे येतो, तेव्हा त्याचे पैसे देऊन झालेले असतात आणि विकणारा फोन उचलत नसतो. हा माणूस पैसे देण्याआधी आमच्याकडे यावा, एवढ्यासाठी आम्ही वीस वर्षांहून अधिक काळ धडपडत आलो आहोत.

इंजिनाचे काम मी मुंबईत दारुखान्यात शिकलो. तोडलेल्या जहाजांचे सुटे भाग जिथे ढिगाने पडलेले असतात, तिथे एखादा भाग चांगला की वाईट हे हातात घेऊनच ठरवावे लागते, आणि ती सवय मला जन्मभर पुरली. तिथेच घेतलेला कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणारे यंत्र, आजही आमच्या फळीवर पहिल्या खिळ्याला टांगलेला आहे. त्याच्या शेजारी नायलॉनच्या डोक्याची हातोडी, अडकलेले स्क्रू ठोकून फिरवणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि गॅसचा लहान बर्नर असतो. खाऱ्या पाण्यात स्टेनलेसचा बोल्ट इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या भागात असा धरतो की जोर लावल्यास बोल्टाचे डोके तुटून हातात येते. त्याला आधी ऊब द्यावी, थांबावे, थोडे पुढे आणि थोडे मागे फिरवावे, आणि परत बसवताना आट्यांना मरीन ग्रीस लावल्याशिवाय बसवू नये. आमच्याकडे आलेला प्रत्येक शिकाऊ मुलगा पहिले काही महिने फक्त हेच करतो.

फायबरचे काम माझ्या भागीदाराचे. थळच्या बाजूचे हे गृहस्थ माझ्याहून वयाने बरेच मोठे, लाकडी होड्यांच्या काळापासून या धंद्यात असलेले. सगळे त्यांना नाखवा म्हणत, म्हणून मीही नाखवाच म्हणत असे. बोट दाखवायला आणली की ते प्रथम तिच्याभोवती एक फेरी मारत, मग मागच्या फळीशी, म्हणजे जिच्यावर इंजिनाचा सगळा भार असतो त्या ट्रान्समशी, उकिडवे बसत आणि हातोडीने बोटा-बोटाच्या अंतरावर वाजवत जात. दोन्ही बाजूंच्या फायबरमध्ये प्लायवूड असते. ते कोरडे असेल तर आवाज टणक येतो. पाणी शिरून कुजले असेल तर पिकलेल्या फणसावर थाप मारावी तसा बद्द आवाज येतो. पाणी बहुधा इंजिनाच्या बोल्टांच्या छिद्रांतून किंवा तळाच्या बुचाच्या कडेने शिरते, कारण बसवणाऱ्याने तिथे सीलंट भरलेले नसते. इंजिन वर उचलून त्याच्या पायावर हाताने दाब द्यावा आणि ट्रान्समकडे पाहावे. फळी हलताना दिसली, तर बोट कितीही चकचकीत असो, तिची किंमत इंजिनाच्या किमतीपुरतीच समजावी.

त्यानंतरची काही वर्षे काम वाढत गेले, आणखी दोन माणसे ठेवली, शेडला मागे जोड दिली. त्याबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. लिहायचे आहे ते मुंबईहून आलेल्या एका व्यापाऱ्याबद्दल. त्यांचे नाव येथे देत नाही. या किनाऱ्यावर ज्यांना ते माहीत आहे त्यांना सांगायला नको.

हे गृहस्थ यार्डात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या बोटी स्वस्तात उचलत, तडे पुट्टीने भरत, वर नवा जेलकोट, म्हणजे फायबरवरचा चकचकीत थर, मारत, नव्या गाद्या, गाणी वाजवण्याची यंत्रणा आणि रंगीत दिवे बसवत, आणि दिवाळीच्या सुमारास, समुद्र शांत आणि माणसे हौशी असताना, त्या विकत. पुण्याचे एक गृहस्थ त्यांच्याकडील २१ फुटी बोट घेणार होते. कोणीतरी सुचवल्यामुळे त्यांनी पैसे देण्यापूर्वी ती आमच्याकडे आणवली. नाखव्यांनी वाजवून पाहिली, आणि खालच्या भागात आवाज बदलला. व्यापाऱ्याच्या माणसाच्या संमतीने आम्ही आतल्या बाजूने, खाली, बारीक छिद्र घेतले, तर ड्रिलच्या टोकाला भुसा येण्याऐवजी तपकिरी पाणी ओघळले. मग सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजले. तीन सिलिंडरांपैकी एक इतर दोघांच्या खूप खाली होते. सिलिंडरांमध्ये दहा टक्क्यांच्या आसपास फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर रिंगा, गॅस्केट किंवा पिस्टन यांपैकी काहीतरी गेलेले असते. आम्ही पाहिले ते कागदावर लिहून दिले आणि तो व्यवहार मोडला.

पुढच्या आठवड्यात व्यापाऱ्याकडून निरोप आला की त्यांच्या बोटी चांगल्या असल्याचे लिहून दिल्यास दर बोटीमागे आम्हाला हिस्सा मिळेल. आम्ही नकार दिला. तेव्हापासून जेट्टीवर असे पसरवले जाऊ लागले की आम्ही दुरुस्तीचे काम मिळावे म्हणून प्रत्येक बोट नापास करतो. आमची दोन्ही तयार माणसे जास्त पगार देऊन नेली गेली. ज्यांच्या बोटी आम्ही वर्षानुवर्षे सांभाळल्या, त्यांतील काही जणांनी एकदाही विचारपूस न करता बोटी उचलून नेल्या. तो संपूर्ण हंगाम आम्ही मासेमारीच्या होड्यांवर काढला. आज इतकी वर्षे झाली, तरी त्या बोलण्याबद्दल कोणी खेद व्यक्त केलेला नाही, आणि मला ते विसरता आलेले नाही.

त्या काळात एक माणूस हलला नाही. किहीमला बंगला असलेले हे ग्राहक व्यवसायाने डॉक्टर. त्यांची १८ फुटी बोटही वापरलेलीच होती, पण घेण्याआधी ती त्यांनी आमच्याकडून तपासून घेतली होती आणि विकणाऱ्याला अट घातली होती की आम्ही पोहोचेपर्यंत इंजिन सुरू करायचे नाही. ही अट प्रत्येक खरेदीदाराने घालावी. गरम केलेले इंजिन सहज सुरू होते. थंड इंजिन किती वेळात पेटते, धूर कसा टाकते, गिअर न टाकता सर्वांत कमी गतीवर टिकते की नाही, यातच त्याची खरी अवस्था कळते. इंजिन थंड आहे की नाही हे कव्हर काढून हात लावून पाहावे. चार स्ट्रोकचे इंधन-इंजेक्शनचे इंजिन असेल तर त्याच्या संगणकातून किती तास आणि कोणत्या गतीला ते चालले आहे, याची नोंद काढून घेता येते. विकणारा सांगतो त्या तासांवर विसंबू नये.

डॉक्टरांनी बोटीसाठी एक नोंदवही ठेवली होती. प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने इंजिन किती वेळ धुतले, गिअर तेलाचा रंग कसा होता, इंजिनाऐवजी स्वतः झिजावा म्हणून लावलेला झिंकचा तुकडा किती उरला, हे तारखेसह त्यात असे. धरमतरच्या खाडीत बोट चालवणाऱ्याला या वहीचे मोल कळावे. ओहोटीला तिथे बोटीचा पंखा गाळ ढवळतो, तो गाळ पाण्याबरोबर इंजिनात खेचला जातो आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातील रबरी चाक, म्हणजे इम्पेलर, घासत जातो. खोल, स्वच्छ पाण्यातला इम्पेलर जास्त काळ टिकतही असेल. आमच्याकडे तो दरवर्षी बदलावा, आणि इंजिनामागून पडणारी पाण्याची धार बारीक झाली की त्याच क्षणी इंजिन बंद करावे. पाण्याविना इंजिन अर्धा मिनिट चालवून दाखवणारा विक्रेता इम्पेलर जाळून दाखवत असतो. गिअर तेल खालचा स्क्रू काढून थोडेसे बोटावर घ्यावे. ते दुधाळ असेल तर सीलमधून पाणी आत गेले आहे. बहुतेक वेळा पंख्यामागे शाफ्टला गुंडाळलेली मासेमारीची नायलॉनची दोरी सील कापते, म्हणून पंखा अधूनमधून काढून तिथे पाहावे. नवे तेल खालच्या छिद्रातूनच, वरच्या छिद्रातून बाहेर येईपर्यंत भरावे, म्हणजे मध्ये हवा राहत नाही. झिंक अर्धे झिजले की बदलावे आणि त्यावर कधीही रंग मारू नये. रंगवलेले झिंक काम करत नाही आणि मग समुद्र इंजिनाचे ॲल्युमिनियम खातो.

जेट्टीवर आमच्याविषयी बोलले जात असताना डॉक्टर ही वही घेऊन आपल्या मित्रांना आमच्या शेडमध्ये आणत आणि बोलण्याऐवजी ती त्यांच्यापुढे ठेवत. त्यांतून हळूहळू कामे परत आली.

मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा, म्हणजे गाड्याही वाहून नेणारी बोट, सुरू झाली. गाडीसह येणाऱ्या मुंबईकरांमुळे काम दुप्पट होईल अशी आमची अपेक्षा होती, आणि मी त्या भरवशावर सुट्या भागांचा साठा उधारीवर घेतला होता. काही दिवसांतच टाळेबंदी आली. बोटींना हात लावता येईना. मे महिन्यात ज्या बोटी पावसाळ्यासाठी वर ओढून, झाकून ठेवायच्या, त्यांतील अनेक मूरिंगवरच, म्हणजे पाण्यात बांधलेल्याच, राहिल्या. त्यानंतर ३ जून रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. आमच्या शेडचे पत्रे उडाले, जोडलेला मागचा भाग पडला, ताडपत्रीखालच्या दोन बोटी लाकडी ओंडक्यांवरून उलटल्या, आणि कित्येक दिवस वीज नव्हती. कर्जाचा हप्ता, पुरवठादाराची बाकी आणि ग्राहकांच्या बोटींची जबाबदारी एकाच वेळी अंगावर आली. विमा कंपनीने बोटी बाहेर झाकून ठेवल्याचे कारण देऊन आमचा दावा बराच कमी केला. पुढे मी त्यांना लिहिलेल्या पत्रांची उत्तरे आली नाहीत. म्हणून विमा घेताना पावसाळ्यात बोट नेमकी कुठे आणि कशी ठेवायची, याचे कलम शब्दशः वाचून घ्यावे.

व्यवसाय बंद करण्याचा विचार त्या पावसाळ्यात आम्ही दोघांनी गांभीर्याने केला. नाखव्यांनी आपल्या मालकीची जागा तात्पुरती दिली आणि डॉक्टरांनी पुढच्या दोन वर्षांच्या देखभालीचे पैसे आगाऊ पाठवले. उलटलेल्या दोन्ही बोटींचे फायबर नाखव्यांनी पावसातच, निवाऱ्याखाली हॅलोजनचे दिवे लावून कोरडे करून घेतले, कारण फायबरच्या ओल्या मॅटवर ओतलेले रेझिन, म्हणजे फायबर घट्ट करणारा चिकट द्रव, धरत नाही. दोन्ही बोटी नंतर पाण्यात गेल्या आणि त्यांच्या मालकांनी त्या अजून विकलेल्या नाहीत.

अलीकडे त्रास वेगळा आहे. २०२५ पर्यंत पंपावर सर्वत्र २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल येऊ लागले. इथेनॉल हवेतील पाणी ओढून घेते, आणि कोकणातील दमट हवेत पाण्याचे प्रमाण वाढले की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात. इंजिनाची नळी तळातूनच ओढते. टू-स्ट्रोक इंजिनात तर तेल वरच्या पेट्रोलबरोबर राहते, खालच्या थरात वंगण नसते, आणि पिस्टन जाम होतो. जुन्या बोटींमधील फायबरच्या टाक्या आणि रबरी नळ्याही इथेनॉलमुळे मऊ पडतात. वापरलेली बोट घेणाऱ्याने सर्व नळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या बसवाव्यात, टाकी आणि इंजिन यांच्या मध्ये पाणी वेगळे करणारा फिल्टर लावावा, आणि मे महिन्यात टाकी रिकामी करून कार्ब्युरेटरमधील पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवून मगच बोट झाकावी.

कागदपत्रांचा भाग लोक कंटाळून उरकतात. नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर किनाऱ्यावर बोटींची विचारणा कडक झाली. महाराष्ट्र सागरी मंडळाकडील नोंदणी, सर्वेक्षणाचा दाखला आणि विमा पाहावा; दाखल्यावरील इंजिन क्रमांक इंजिन बोटीला धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटवरील पट्टीशी स्वतः जुळवून घ्यावा, पट्टी खरवडलेली असेल तर बोट तिथेच सोडावी, आणि इंजिन आयात केलेले असेल तर सीमाशुल्काचे कागद मागावेत. गोव्यातून आणलेल्या बोटीची नोंदणी तिथल्या बंदर कप्तानाकडे असते, आणि ती इकडे आणण्याचा खर्च व वेळ आधीच धरावा.

नाखवा आता शेडमध्ये येत नाहीत. त्यांचा मुलगा फायबरचे काम पाहतो आणि हातोडी त्यांचीच वापरतो. आम्ही बोटी विकत नाही आणि विक्रीतून हिस्सा घेत नाही, हे पहिल्या भेटीतच सांगतो. तपासणी उधाणाच्या भरतीला करतो, म्हणजे बोट पाण्यात उतरवून पूर्ण वेगाने चालवता येते आणि ओहोटीआधी परत आणता येते. गेल्या हंगामात त्या व्यापाऱ्याची एक बोट खरेदीदाराच्या आग्रहावरून आमच्याकडे आली. तिचा ट्रान्सम पक्का होता, कॉम्प्रेशन सारखे होते, गिअर तेल स्वच्छ होते. आम्ही तसेच लिहून दिले, ठरलेले शुल्क पूर्ण घेतले, आणि अहवालाची एक प्रत खरेदीदाराला व एक व्यापाऱ्याच्या माणसाला सहीनिशी दिली.