प्लगच्या आट्यांना अँटी-सीझ? आधी प्लगचा रंग बघा

अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये (इंजिनच्या सिलिंडरवरचं झाकण) स्पार्क प्लग धरून बसतो, म्हणून नवा प्लग लावताना आट्यांना अँटी-सीझ, म्हणजे जाम होऊ न देणारा बुळबुळीत लेप, फासायची गॅरेजांत सवयच आहे. पण आटे चांदीसारखे चकचकीत असतील, तर त्यांवर जस्ताचा किंवा निकेलचा मुलामा आहे आणि जाम होऊ नये म्हणूनच तो दिलेला असतो. अशा प्लगला अँटी-सीझ लावू नका, असं प्लग बनवणारी एनजीके कंपनी म्हणते. वरून काही लागत असेल, तर ते काळपट, मुलामा नसलेल्या प्लगला.

लावलं तर बिघडतं काय? पान्यावर दिसणाऱ्या टॉर्कचा (पिळण्याच्या जोराचा) मोठा भाग घर्षणातच जातो, उरलेला आटे ताणतो. आटे बुळबुळीत झाले की त्याच आकड्याला ताण वाढतो. हा फरक २० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, असं एनजीकेचं म्हणणं. मग प्लगचं धातूचं अंग ताणलं जातं, कधी आट्यातच तुटतं. अंग ताणलं की आतलं सील ढिलं पडतं, उष्णता हेडकडे नीट जात नाही आणि प्लग तापत राहतो. शिवाय या लेपात बहुधा वीज वाहून नेणारं तांबं, ग्रॅफाइट असतं. इलेक्ट्रोडवर किंवा पांढऱ्या चिनीमातीवर ओघळला, तर मिसफायर (ठिणगी चुकणं) ठरलेला.

प्लग बदलायचा तो इंजिन गार असताना. खोलण्याआधी खाचेतली धूळ हवेने उडवा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये जाते. नवा प्लग रबरी नळीच्या तुकड्यात अडकवून फिरवा: आटे चुकीचे धरले तर नळी घसरते, पाना मात्र तसाच रेटत नेतो. वॉशर टेकेपर्यंत सगळं हातानेच. पुढे अ‍ॅल्युमिनियम हेडला १४ मिमी प्लग २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिमी १५ ते २०, आणि स्कूटर-बाइकचा १० मिमी फक्त १० ते १२. टॉर्क पाना नसेल, तर नव्या वॉशरला अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. निमुळत्या, बिनवॉशरच्या प्लगला एक-सोळांश पुरे.

अपवाद आहे फोर्डच्या ५.४ लिटर, तीन व्हॉल्व्हच्या ट्रायटन इंजिनचा. त्यात प्लगचं लांब नाकाड कार्बनने चिकटून तुटायचं, म्हणून फोर्डने निकेलचं अँटी-सीझ सांगितलं, पण त्या नाकाडावर; आट्यांवर नाही.

जुना प्लग निघताना कुरकुरला तर जोर लावू नका. थोडा परत आवळा, खाचेत पेनिट्रेटिंग ऑइल सोडा, थांबा, मग पुढेमागे करत काढा. हेडचे आटे गेले तर हेलिकॉइलसारखं काही, म्हणजे भोकात नवे आटे देणारं कडं, बसवावं लागतं.